मदेराचे समुद्रकडे: सासू-सासऱ्यांना घेऊन जमेल का?

ढोकाळीची_मेघना

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात ढोकाळीला राहतो. येत्या मे महिन्यात पोर्तुगालला जायचं ठरतंय, आधी चार दिवस लिस्बन आणि मग आठवडाभर मदेरा बेट. लिस्बनचे ढीगभर व्हिडिओ आहेत पण मदेराबद्दल मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून इथे विचारतेय.

जायचं मुख्य कारण तिथले समुद्रकडे. मुलगा सहावीत आहे, त्याला ज्वालामुखीचं प्रचंड वेड, त्याने काबो जिराँव नावाच्या कड्यावरच्या काचेच्या गॅलरीचा फोटो कुठेतरी बघितला आणि तेव्हापासून घरात तेच चाललंय. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच बघायचंय, चर्च आणि म्युझियममध्ये माझं मन रमत नाही, उंचावर उभं राहून खाली लाटा फुटताना बघायचं म्हटलं की बाकी सगळं मला फिकं वाटतं.

पण सोबत सासू-सासरे आहेत. आईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात पण पायऱ्या नकोच. बाबा तब्येतीने ठणठणीत, पण त्यांना उंचीची भीती आहे, आमच्या सोळाव्या मजल्याच्या बाल्कनीतसुद्धा ते कठड्यापाशी जात नाहीत. नवरा रोज घोडबंदर रोडला गाडी चालवतो पण परदेशात कधी चालवलेली नाही. आणि आई पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही.

तर या सगळ्यांना घेऊन असं कड्यांचं बेट बघणं जमतं का, की त्या दोघांना हॉटेलवर बसवून आम्ही तिघांनी फिरायचं असं होईल? तसं असेल तर मी प्लॅनच बदलेन, त्यांना एवढ्या लांब नेऊन खोलीत बसवणं मला पटत नाही. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

खारघरकर_निनाद

मेघनाताई, नक्की जा. मी आई-बाबांना घेऊनच गेलेलो आणि आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. मदेराला युरोपातले रिटायर्ड लोक मोठ्या संख्येने येतात त्यामुळे बऱ्याच व्ह्यू पॉइंटला गाडी थेट कठड्यापर्यंत जाते, बसायला बाक असतात, जवळपास कॉफी मिळते. हॉटेलवर बसवायची वेळ येणार नाही.

आता काबो जिराँव. ५८० मीटर उंच, युरोपातल्या सर्वांत उंच समुद्रकड्यांमध्ये त्याचं नाव घेतात, काचेची गॅलरी २०१२ साली झाली, पार्किंगपासून चालणं अगदी थोडं आणि थोडंफार तिकीट आहे. मुलासाठी जाच, पण माझं स्पष्ट मत सांगतो, त्या गॅलरीत वीस मिनिटांत बघून होतं. तुम्ही कड्याच्या डोक्यावर उभे असता त्यामुळे कडा तुम्हाला दिसतच नाही, दिसतो तो समुद्र आणि पार खाली पायथ्याशी शेताचे हिरवे चौकोन. बहुतेक लोक तिथे फोटो काढतात आणि कडा बघितला म्हणून निघून जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तो कडा काय चीज आहे हे खालून मान वर केली की कळतं.

खाली जायची सोय तिथेच आहे. कड्याच्या पायथ्याशी समुद्राला लागून जी चिंचोळी सपाट जमीन असते तिला तिकडे फाजाँ म्हणतात आणि पूर्वी शेतकरी तिथे होडीने नाहीतर जीव मुठीत धरून पायवाटेने जायचे, आता काही ठिकाणी केबल कार आहेत. काबो जिराँवच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर फाजाँ दोस पाद्रेस आहे, तिथे केबल कार अडीचशे मीटरच्या आसपास खाली उतरवते आणि दोन-तीन मिनिटांत तुम्ही एका वाडीत असता. हो वाडीच म्हणायचं, आंबा, पपई, केळी, अवोकाडो आणि मालवासिया जातीची द्राक्षं. ही जागा एकेकाळी जेझुइट पाद्र्यांची होती, द्राक्षं त्यांच्या काळापासून नावाजलेली. पाठीमागे सरळसोट कडा, समोर अटलांटिक, मधे आंब्याची झाडं. माझे बाबा मूळचे देवगडचे, ते एका झाडाखाली बसले ते उठायलाच तयार नव्हते. छोटं रेस्टॉरंट आहे, खालची वाट बरीचशी सपाट आहे, तुमच्या आईंना जमेल. दुपारचं जेवण तिथेच होईल असं बघा आणि घाई करू नका.

तुमच्या बाबांना केबल कारमध्ये डोंगराकडे तोंड करून बसवा आणि मुलाला त्यांच्याशी बोलत राहायला सांगा, एवढ्याशा वेळात होऊन जातं. पण वायव्येला आशादास दा क्रूझची केबल कार आहे ती मात्र त्यांना अजिबात सुचवू नका, ती जवळजवळ ४५० मीटर खाली उतरते आणि इतकी उभी आहे की केबिन कड्यावरून बाहेर पडते तेव्हा सवय असलेल्यांच्याही पोटात गोळा येतो. तुम्ही आणि मुलगा जा, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुम्हाला ती फार आवडेल. खाली दगडी गडग्यांची छोटी शेतं, मोजकीच घरं, गोटे भरलेला किनारा आणि लाटांचा आवाज, बस. वारा वाढला की ती बंद ठेवतात म्हणून निघायच्या आधी चालू आहे का बघा.

आणि एक दिवस बोट घ्या, फुंशाल म्हणजे मदेराची राजधानी, तिथल्या बंदरातून डॉल्फिन बघायच्या बोटी सुटतात, त्यातल्या बऱ्याच काबो जिराँवच्या पायथ्यापर्यंत जातात. बाबांना उंचीची भीती आहे ना, मग त्यांच्यासाठी अख्ख्या बेटातला सर्वांत चांगला व्ह्यू पॉइंट म्हणजे ही बोट. सगळा कडा एका नजरेत बसतो आणि काठ सांभाळायची चिंता नाही. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यायला लावा, अटलांटिक आहे तो, मांडव्याची लाँच नाही.

पारसिकचा_पाषाण

निनादने सुंदर लिहिलंय. मी ताईंच्या मुलासाठी थोडं लिहितो, कारण हे आधी माहीत असेल तर तो पोरगा कड्याकडे बघत राहील.

पारसिक, खारघर, येऊर हे आपले डोंगर बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचे, आणि मदेराही बेसॉल्टचं, पण जन्मकथा वेगळी. आपला दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वर आला आणि लांबलांब पसरला. मदेरा म्हणजे समुद्राच्या तळापासून उभा राहिलेला ज्वालामुखी, तळापासून धरलं तर उंची जवळपास ६ किलोमीटर, त्यातला पाण्यावरचा शेंडा १८६२ मीटरचा, त्याचं नाव पिको रुइवो. म्हणजे तुम्ही बेटावर उभे राहाल तेव्हा दोन तृतीयांश डोंगर पाण्याखाली असेल. पाण्यावर दिसणारे सर्वांत जुने खडक ७० लाख वर्षांच्या आसपासचे, आपल्या सह्याद्रीपुढे अगदीच लहान वय, आणि शेवटचे उद्रेक तर काही हजार वर्षांपूर्वीचे.

आता कडा ताठ का उभा राहतो ते. कठीण लाव्हाचा थर, मग राखेचा आणि सच्छिद्र लालसर खड्यांचा मऊ थर, परत लाव्हा, परत राख, घावनावर घावन ठेवावं तसं वरपर्यंत रचत गेलेलं असतं. लाटा तळाचा मऊ थर पोखरतात, वरचा कठीण थर आधाराशिवाय राहतो आणि एक दिवस उभाच्या उभा सुटून खाली येतो. हे सारखं चालू असतं म्हणून उतार तयार व्हायला वेळच मिळत नाही. उत्तर किनाऱ्यावर अटलांटिकच्या मोठ्या लाटा थेट आदळतात त्यामुळे तिकडचे कडे जास्त रौद्र. लाल पट्टे दिसले तर ते गंजलेलं लोखंड समजा, गरम खड्यांमधल्या लोहाचा हवेशी संयोग होऊन तो रंग येतो. आणि आडव्या थरांना कापत जाणाऱ्या उभ्या काळ्या भिंती दिसतील, त्यांना डाइक म्हणतात, भेगेत शिरलेला लाव्हा जागच्या जागी थिजला की ती भिंत होते. आजूबाजूचं मऊ झिजून जातं आणि ती उरते. बेटाच्या पूर्व टोकाला या इतक्या स्पष्ट दिसतात की मुलाला वही-पेन्सिल घेऊन बसवलंत तरी तासभर जाईल.

फाजाँसुद्धा दोन प्रकारची. काही ठिकाणी लाव्हा वाहत येऊन समुद्रात शिरला आणि तिथे जमीन तयार झाली, पोर्तो मोनिश हे गाव तशा जमिनीवर आहे आणि तिथे लाव्हाच्या खडकांमधे समुद्राचं पाणी साठून तयार झालेल्या पोहायच्या जागा आहेत. दुसरा प्रकार म्हणजे कडा कोसळून पडलेल्या मलब्याची जमीन, काबो जिराँवच्या खालची शेतं त्यातली. वरून जे हिरवे चौकोन इतके गोड दिसतात ते कोसळलेल्या कड्यावर लावलेले आहेत. १९३० च्या मार्चमध्ये तिथे मोठा भाग समुद्रात कोसळला, त्याची लाट शेजारच्या कामरा द लोबोसच्या किनाऱ्यावर आली आणि १९ माणसं गेली.

घाबरवायला सांगत नाहीये, पण वागायचं कसं ते यातून ठरतं. कड्याच्या तळाशी सावली छान असते म्हणून भिंतीला टेकून बसू नका. ताज्या फुटलेल्या दगडांचा ढीग दिसला तर तिथून पुढे सरका. मोठा पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कड्याखालच्या जागा टाळा. उत्तरेचा जुना किनारी रस्ता कड्याला चिकटून होता, दरडी पडून पडून त्याचे बरेच तुकडे कायमचे बंद झालेत आणि आता तिथे बोगदे आहेत, बंद तुकड्यावर लोक कुंपण ओलांडून फोटोला जातात, तसं करू नका. लाटांचं म्हणाल तर हरिहरेश्वरला भरतीच्या वेळी प्रदक्षिणेची वाट का बंद ठेवतात हे आपल्याला माहीत आहे, तोच नियम मदेरालाही लावायचा, ओला खडक दिसला म्हणजे लाट तिथपर्यंत येते, मग आत्ता समुद्र कितीही शांत असो.

ऐरोलीचा_आशिष

एवढा खर्च करून इतक्या लांब कशाला जायचं असं वाटतं. बालीच्या शेजारी नुसा पेनिदाला डायनासोरसारखा दिसणारा कडा आहे, खाली पांढरी वाळू, पाणी निळंशार, व्हिसा सोपा, शाकाहारी जेवणही मिळतं. ज्वालामुखी बेटच आहे तेही.

पारसिकचा_पाषाण

आशिष, जागा सुंदर आहे यात वाद नाही, पण तो कडा ज्वालामुखीचा नाही. बाली बेटाचा मधला भाग ज्वालामुखीचा, दक्षिणेचा उलुवातूकडचा भाग आणि नुसा पेनिदा हे चुनखडीचे आहेत, समुद्रातल्या प्रवाळांचे आणि शिंपल्यांचे अवशेष साठून झालेला खडक. म्हणूनच वाळू पांढरी. लाव्हाच्या बेटावर वाळू काळी असते, मदेरात सेशालला तशी काळी वाळू बघायला मिळेल. ज्या मुलाला ज्वालामुखी बघायचाय त्याला चुनखडी दाखवून कसं चालेल. शिवाय त्या कड्याचा उतार भयंकर उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांना वरूनच परत यावं लागतं.

खर्चाचा मुद्दा मात्र रास्त आहे. ज्यांना युरोप परवडत नाही त्यांनी कर्नाटकात उडुपीजवळ मालपेहून होडीने सेंट मेरीज बेटांवर जावं. तिथे लाव्हा थंड होताना आकसून तयार झालेले पाच-सहा कोनांचे खांब आहेत, मादागास्कर भारतापासून वेगळं होत होतं त्या काळातले. उंच कडे नाहीत पण दगड पहिल्या दर्जाचा आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

येऊरचा_भटक्या

पोन्ता द साँव लोरेन्सोबद्दल कोणी लिहिलंच नाही अजून!! माझ्या मते अख्ख्या मदेरात कडे बघायची एक नंबर जागा. बेटाचं पूर्वेचं शेपूट आहे ते, अरुंद, उघडंबोडकं, एकही मोठं झाड नाही, उत्तरेच्या बाजूला लाल-पिवळे-काळे कडे तुटत तुटत समुद्रात गेलेत आणि दक्षिणेच्या बाजूला पाणी एकदम शांत, म्हणजे डावीकडे खवळलेला समुद्र उजवीकडे तलाव आणि तुम्ही मधल्या धारेवर, लांबवर देझेर्तास बेटं दिसतात. आपल्या सह्याद्रीत धारेवरून चालायची मजा ज्यांनी घेतलीये त्यांना शब्दात सांगायला नको.

चालणं जाऊन-येऊन साधारण सहा-सात किलोमीटर, चढ-उतार आणि पायऱ्या सतत. धोक्याच्या ठिकाणी तारेचे कठडे आहेत. वाट सोपी आहे पण ऊन आणि वारा या दोन गोष्टी जीव काढतात. सावली शून्य. मे मधे हवा गार वाटते त्यामुळे पाणी प्यायचं भान राहत नाही आणि संध्याकाळी डोकं धरून बसायला लागतं, टोपी दोरीवाली घ्या नाहीतर पहिल्याच वळणावर उडते. मुलगा सहावीत आहे म्हणजे आरामात करेल. सकाळी लवकर सुरू करा, दहानंतर टूरच्या बस येतात आणि पार्किंग मिळत नाही.

महत्त्वाचं म्हणजे आता मदेरातल्या अधिकृत पायवाटांना फी आहे आणि आधी ऑनलाइन वेळ बुक करावी लागते, नुसतं जाऊन उभं राहिलात तर पंचाईत होईल. वाट चालू आहे का तेही सरकारी साइटवर बघा, वणवा किंवा दरड आली की वाटा बंद करतात.

आई-बाबांसाठी तिथेच जवळ पोन्ता दो रोस्तो नावाचा व्ह्यू पॉइंट आहे, गाडी थेट तिथे जाते, उतरलं की समोर उत्तरेचे सगळे कडे. म्हणजे तुम्ही दोघं चालून या, तोपर्यंत बाकीचे तिथे बघून खाली कानिसाल गावात कॉफी पीत बसतील. कोणी हॉटेलवर नाही, कोणी कंटाळलेलं नाही.

वाशीच्या_काकू

मेघना, मी शाकाहारी आहे आणि मुलीबरोबर मदेराला राहून आलेय, त्यामुळे जेवणाचं मी सांगते. उपाशी राहायची वेळ येत नाही पण विचारल्याशिवाय काही खायचं नाही हे आईंना आधीच सांगून ठेव.

बोलो दो काको म्हणून तिथली चपटी गोल भाकरी मिळते, गव्हाचं पीठ आणि रताळं घालून करतात, तव्यासारख्या गरम दगडावर भाजतात, आणि लसणीचं लोणी लावून गरम देतात. फार छान लागते, मी तर रोज खाल्ली. तळलेल्या मक्याच्या पिठाच्या वड्या मिळतात, मिल्यो फ्रितो, त्या कशात तळल्यात ते विचारायचं. टोमॅटो-कांद्याचं सूप मिळतं पण त्यात अंडं सोडलेलं असतं, अंडं नको म्हणून आधी सांगायचं. काल्दो वेर्द नावाचं हिरव्या पानांचं सूप दिसायला शाकाहारी दिसतं पण त्यात सॉसेजचे तुकडे असतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, बोलो द मेल नावाचा काळपट केक सगळीकडे विकायला असतो, काकवी घालून केलेला, आईंना काकवी म्हटलं की खावासा वाटेल, पण जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी घालतात, तेव्हा पाकिटावरचं वाचल्याशिवाय देऊ नकोस. नुसती काकवीची बाटली मात्र अवश्य आण, तिकडे अजून ऊस होतो आणि काकवी उत्तम असते.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या, दही सगळं मिळतं. मी मसाल्याचा डबा, मेतकूट आणि छोटा कुकर नेला होता. बाहेर फिरून आल्यावर वरणभात मिळाला की मोठी माणसं दुसऱ्या दिवशी हौसेने बाहेर पडतात. फुंशालच्या बाजारात फळं चाखायला देतात आणि मग महाग लावतात, तिथे बघायला जा, विकत मात्र साध्या दुकानातून घ्या. केळी छोटी आणि गोड, ती खा भरपूर.

ढोकाळीची_मेघना

अरे बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. पाषाणदादांची पोस्ट मुलाला वाचून दाखवली तर तो वही घेऊन बसलाय आणि बाबांना डाइक म्हणजे काय ते समजावतोय, बाबांनी स्वतःहून विचारलं की ती बोट कुठून सुटते. काकू, चरबीचं सांगितलंत हे फार बरं झालं, आम्ही नक्की घेतला असता तो केक.

अजून थोडं विचारते. गाडी घ्यावी की टॅक्सी-बसवर भागेल? राहायचं फुंशाललाच का? आणि मी कुठेतरी वाचलं की वाऱ्यामुळे तिथली विमानं रद्द होतात, ते कितपत खरं? आमचं परतीचं विमान लिस्बनहून आहे आणि मदेराहून त्याच दिवशी लिस्बनला येऊन पुढे निघायचा विचार होता.

नेरुळ_ते_लिस्बन

मी मूळ नेरुळचा, सध्या कामामुळे लिस्बनला असतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे: तसं अजिबात करू नका.

मदेराचा विमानतळ डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आहे, जागा नव्हती म्हणून २००० साली धावपट्टीचा मोठा भाग समुद्राच्या बाजूला काँक्रीटच्या खांबांवर बांधला, आता लांबी २७८१ मीटर आहे. डोंगरावरून येणारा वारा तिथे भोवरे करतो आणि वाऱ्याची मर्यादा ओलांडली की विमान उतरवत नाहीत, शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर नेतात किंवा लिस्बनला परत आणतात. रोज होत नाही, पण झालं की एकदम शेकडो लोक अडकतात आणि पुढचं विमान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतं. म्हणून तुमचा क्रम उलटा करा. मुंबईहून लिस्बनला आलात की एक रात्र विश्रांती घेऊन मदेराला जा, आणि लिस्बनचे बाकीचे दिवस शेवटी ठेवा. मदेराहून यायला एक-दोन दिवस उशीर झाला तरी लिस्बन थोडं कमी बघून होईल, मुंबईचं विमान चुकणार नाही. मोठी माणसं आणि मूल सोबत असताना हा एक बदल केलात तर निम्मी काळजी मिटली.

गाडी घ्याच, ऑटोमॅटिक घ्या. पाच माणसं आणि सामान म्हणजे मोठी गाडी लागेल, पण अवाढव्य नको, गावातले रस्ते अरुंद आहेत आणि चढ इतके उभे की मॅन्युअल गाडी क्लचवर धरून ठेवताना नवख्याला घाम फुटतो. मुख्य रस्ते उत्तम आहेत, बोगदेच बोगदे, त्यामुळे बेट ५७ किलोमीटर लांब असलं तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला फार वेळ लागत नाही. गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, पहिला दिवस फुंशालच्या गर्दीत न घालवता सकाळी रिकाम्या रस्त्यावर सवय करून घ्या. ठाण्याच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा.

हवामानाचं एक गणित लक्षात ठेवा. वारा बहुतेक वेळा ईशान्येकडून येतो, ढग उत्तरेच्या डोंगरांवर अडतात, त्यामुळे उत्तरेला धुकं-पाऊस आणि त्याच वेळी दक्षिणेला फुंशालला लख्ख ऊन असं नेहमी होतं. कधी उलटंही. म्हणून सोमवारी हे मंगळवारी ते असं बांधून घेऊ नका. बेटावर जागोजागी वेबकॅम आहेत, सकाळी चहा घेता घेता बघायचं आणि जिकडे उघडलंय तिकडे निघायचं. ढगात काबो जिराँवला गेलात तर काचेखाली फक्त पांढरं दिसतं. फक्त साँव लोरेन्सोचं बुकिंग आधी करावं लागतं, ते कोरड्या टोकाला आहे त्यामुळे तिथे निदान ढगांचा त्रास कमी, वाऱ्याचा अंदाज तेवढा बघा.

राहायचं म्हणाल तर बहुतेक रात्री फुंशाल किंवा कामरा द लोबोस, हे दुसरं मासेमारीचं गाव काबो जिराँवच्या अगदी जवळ आहे, चर्चिल १९५० मध्ये तिथे बसून चित्र काढत होते. आणि शेवटच्या दोन रात्री उत्तरेला पोर्तो मोनिश नाहीतर सेशाल. उत्तरेचे कडे संध्याकाळी टूरच्या गाड्या गेल्यावर बघायचे असतात.

व्हिसाचं थोडक्यात: पोर्तुगालचा शेंगेन व्हिसा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांची ४५. किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच, सासू-सासऱ्यांचा घेताना गुडघा-बीपी वगैरे आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का नीट विचारा. मेसाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, सगळ्यांच्या शाळेच्या सुट्ट्या एकाच वेळी असतात.

येऊरचा_भटक्या

लिस्बनवाल्यांच्या क्रमाला माझं शंभर टक्के अनुमोदन. आणि ताई, मे मधे फुंशालला फुलांचा उत्सव असतो, बघायला भारी पण त्या आठवड्यात घरं महाग होतात आणि रस्ते बंद असतात. तारखा बघून मगच बुकिंग करा.

ढोकाळीची_मेघना

ठरलं मग. क्रम उलटा, मदेरा आधी. कामरा द लोबोसला स्वयंपाकघर असलेलं घर शोधतेय, उत्तरेला दोन रात्री सेशाल. बाबांनी सांगितलंय की फाजाँ दोस पाद्रेसच्या केबल कारमध्ये ते बसतील पण मुलगा शेजारी हवा. आशादासला मी आणि मुलगा. नवऱ्याचं इंटरनॅशनल परमिट या आठवड्यात काढायला टाकतोय.

एकच राहिलं, बोट सकाळची घ्यावी की दुपारची? दोन्ही आहेत आणि आईंना बोट लागते.

खारघरकर_निनाद

सकाळची. वारा साधारणपणे दुपारी वाढतो, सकाळी समुद्र त्या मानाने शांत असतो. ऊनही कड्यावर बरं पडतं. बोट मोठी, दोन तळांची कॅटामरान घ्या, ती कमी डुलते, छोट्या रबरी वेगवान बोटीत आईंना अजिबात बसवू नका, तिच्यात पाठीला आणि गुडघ्याला सारखे दणके बसतात. आणि आईंना डेकवर मधोमध, नजर लांब ठेवून बसवा. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामं नको, काकूंनी सांगितलेली भाकरी आणि केळं एवढं पुरे.